धीराचं बटण

१

सकाळी सात वाजले की भार्गवीने तोंड बंद ठेवायचं, असा त्या घरातला नियम होता. नुसतं तोंडच नव्हे. हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या, पंखा बंद करायचा, कुकर गॅसवरून उतरवायचा आणि शिंक आली तर अंगणात पळायचं. सात ते आठ अप्पा रेडिओवर बोलायचे, आणि कोण बोलतंय हे त्यांच्या सेटला कळत नव्हतं. कुणीतरी बोलतंय, एवढंच कळायचं.

पूर्वी असं नव्हतं. अप्पा, म्हणजे नंजुंडय्या, सरकारी रेडिओ कारखान्यात फोरमन होते. बसवनगुडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातांनी सेट बांधला होता. हातात माइक धरायचा, बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांतली ताकद गेली, मग मनगटं गेली, मग पाय. स्नायूंचा आजार, म्हणाले डॉक्टर प्राणेश. "आता छातीची पाळी. श्वास ऐकत जा त्यांचा," एवढं सांगून त्यांनी बॅग मिटली होती. हात गेले, पाय गेले, जीभ मात्र दुप्पट चालू लागली.

म्हणून मग व्हॉक्स आला. माणूस बोलला की सेटमधला रिले, विजेचा एक खटका, 'कट्' करून लागायचा आणि आवाज हवेत जायचा. माणूस गप्प झाला की जरा थांबून 'टक्' करून सुटायचा आणि सेट पुन्हा ऐकू लागायचा. हाताचं कामच नाही. त्यासाठी पुढच्या पत्र्यावर तीन बटणं होती. अप्पांनी, बोटं धड होती तेव्हा, पांढऱ्या रंगाने त्यांना नावं घातली होती: कान, बहिरा, धीर. किती बारीक आवाजाने जागं व्हायचं, तो कान. स्पीकरमधल्या दुसऱ्यांच्या आवाजाने फसायचं नाही, तो बहिरा. बोलणारा थांबला की किती वेळ वाट पाहायची, तो धीर.

"माणसालाही अशी तीन बटणं हवी होती," अप्पा म्हणायचे. "तुला तिसरं बसवायचं राहूनच गेलं."

भार्गवी त्यांच्या खुर्चीमागे स्टुलावर बसायची. बटणं फिरवायची, नाचणीची आंबील भरवायची, ओठ पुसायची. दोन वर्षं तो कट् आणि तो टक् ऐकत होती, आणि अजूनही प्रत्येक कट् ला तिचा खांदा दचकून उडायचा. तिचा आवाज त्या हवेत कधी गेला नव्हता. रेडिओ लायसन्सच्या परीक्षेचा फॉर्म तिने दोनदा आणला आणि दोन्ही वेळा अप्पांनी तो दिव्याखाली पुसणं म्हणून वापरायला लावला. "घरात एक बोलणारा पुरे."

२

भांडण सुरू झालं ते एका अक्षरावरून.

रिले लागायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागायचा, आणि तेवढ्यात बोलण्याचं पहिलं अक्षर कापलं जायचं. रोज सात वाजता चामराजपेटेतून मुत्तण्णा हजेरी घ्यायचे. मुत्तण्णा कोडगूचे, लष्करातून निवृत्त, दाढी करता करता 'नेट', म्हणजे रोजची ही हवेतली बैठक, चालवणारे. राज्यभरातले पंधरावीस हौशी रेडिओवाले एकेक करून आपलं नाव सांगायचे. अप्पा म्हणायचे "नंजुंडय्या," आणि सगळ्यांना ऐकू जायचं "जुंडय्या."

"आले का जुंडय्या!" भद्रावतीहून रौफसाब खिदळायचे. त्यांचं तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. "डोकं आज पण घरीच ठेवलंत वाटतं, ओल्ड मॅन!"

त्या हवेत सोळा वर्षांचाही ओल्ड मॅन आणि सत्तरीचाही ओल्ड मॅन, थोडक्यात ओ. एम., तेव्हा त्याचं काही नव्हतं. पण नावाचं डोकं उडवलेलं अप्पांना सहन होईना. बाकीचे यावर सोपी युक्ती करत. आधी "आँ" म्हणायचं, रिले लागला की मग नाव घ्यायचं.

"मी काय म्हैस आहे, आधी हंबरायला?" अप्पा ओरडले. "आणि तू! इंजिनीअर झालीस ना? चार वर्षं कॉलेजात काय भजी तळलीस?"

भार्गवी त्या दुपारी एस. पी. रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारात गेली. रागाने गेली. आवाज क्षणभर अडवून ठेवणारी एक चिप तिने आणली आणि दोन दुपारी खपून माइकच्या वाटेत बसवली. आता रिले आधी लागेल आणि आवाज एका सेकंदाचा विसावा भाग मागून येईल. अक्षर कापलं जायला जागाच राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी हवेत अख्खा नंजुंडय्या गेला.

"वा, ओ. एम.! आज सगुण साकार आलात," मुत्तण्णा म्हणाले. "कुणी केलं?"

"मीच," अप्पा म्हणाले. "मुलीच्या हातून करून घेतलं."

भार्गवी मागे बसली होती. तिने दात इतके आवळले की कानशिलं दुखली. पण बोलली नाही. बोलली असती तर ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

३

सोमवारी तिला पहिल्यांदा जाणवलं. रिले लागला, आणि अप्पांचं तोंड बंद होतं.

तिने स्वतःशी कारण लावलं. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, त्याचा घर्र आवाज होतो, सेट त्यानेच जागा होत असणार. तिने कान जरासा कमी केला. टक् करून रिले सुटला आणि स्पीकरमधून रौफसाब म्हणाले, "काय ओ. एम., सर्दी झाली का? इकडे माझ्या दुकानाची फळी हलली."

"कसली सर्दी?" अप्पा म्हणाले. "मी तर काही..."

आणि शिंकले. डोळे पाण्याने भरतील एवढ्या मोठ्यांदा. भार्गवी स्टुलावरून अर्धी उठली. नाक पुसायला रुमाल घेतला आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या शिंकेने रिले हललाच नव्हता. सेट गप्प होता. जणू हे काम करून झालंय.

दुसऱ्या कुणाची शिंक असेल. पंधरावीस माणसं असतात, एखाद्याचं चुकून गेलं असेल. ती दिवसभर असंच म्हणत राहिली.

बुधवारी ती कुकर उतरवायला विसरली. साडेसाताला अप्पा ऐकत होते, कुणी मडिकेरीच्या मिरीबद्दल बोलत होतं, तेवढ्यात कट्. सेटवरच्या मीटरची सुई उजवीकडे झेपावली आणि परतली. पुन्हा झेपावली. पुन्हा. खोलीत कसलाही आवाज नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे तिची नजर का गेली, तिलाच सांगता आलं नसतं. काटा अर्धा फेरा चालला, आणि स्वयंपाकघरात कुकरने एकामागून एक तीन शिट्ट्या दिल्या.

सुई जागची हलली नाही.

"गाढवे!" अप्पा ओरडले. "कुकर!"

ती धावली. गॅस बंद करून तिने कुकर ओट्यावर आपटला.

४

संध्याकाळी तिने अप्पांना सांगितलं. ठरवून बोललेलं नीट जातंय, पण न ठरवता सुटलेला आवाज सेट आधीच पाठवतोय. शिंक, शिट्टी. सोमवारी दोन सेकंद होते, आज अर्धं मिनिट.

अप्पांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. असं ते क्वचितच करत.

"तू चिप कसली लावलीस? आवाज अडवणारी?"

"हो."

"अडवल्याने आवाज उशिरा येतो की लवकर?"

"उशिरा."

"मग?"

 तेच तर ती दोन दिवस स्वतःला विचारत होती.

"मी चिप काढते," ती म्हणाली.

"हात लावून बघ! पुन्हा माझं मुंडकं उडवायचंय? त्या रौफला पुन्हा दात काढायला द्यायचेत?" त्यांना धाप लागली. वाक्याच्या मध्ये थांबून त्यांनी हवा ओढली. "तुला... हे नको असतंच. मी त्या खोलीत बोलतो, तेवढा एक तास मी माणूस असतो. तोही तुला खुपतो."

 खुपत होताच. त्या एका तासात ती माणूस नसायची.

त्याच संध्याकाळी मंगळूरहून पत्र आलं. पॉलिटेक्निकमध्ये लेक्चरर, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. अप्पांनी ते वाचून घेतलं आणि भिंतीकडे मान वळवली.

५

गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी खोली शांत असताना रिले लागला आणि सुई वेड्यासारखी नाचली. टक्. मग रौफसाबांचा आवाज, आज न हसता.

"ओ. एम., पोरीला असं 'चालती हो' म्हणतात का? सकाळच्या पारी? व्हॉक्स चालू आहे, सगळे ऐकतायत."

"मी कुणाला काही बोललो नाही!" अप्पा म्हणाले. "रौफ, तुझ्या कानात बोळे घाल."

भार्गवीने घड्याळ पाहिलं. नखं तळव्यात रुतवून ती बसून राहिली. पुढे खरंच असं काही घडू नये म्हणून ती श्वासही बेताने घेत होती.

शेवटी अप्पांची पाळी आली. "एक बातमी आहे," ते म्हणाले. "आमच्या भार्गवीला मंगळूरला नोकरी लागलीय. कॉलेजात. पण मी तिला पाठवणार..." इथे त्यांना दम घ्यावा लागला. आणि त्या दमात टक् करून रिले सुटला. "...नाही," ते म्हणाले, ते खोलीतच राहिलं. दमामुळे शब्द इतका बारीक निघाला की सोमवारी कमी केलेल्या कानाला तो कळलाच नाही.

आपल्या बोलण्यात हो की नाही हे शेपटाशी बसतं. शेपूट तुटलं की नकाराचा होकार होतो. पंधरावीस माणसांनी ऐकलं, तिला पाठवणार. स्पीकरमधून अभिनंदनाचा पाऊस पडला. मुत्तण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "शाब्बास नंजुंडय्या! याला म्हणतात बाप!"

अप्पांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "तू धीर कमी केलास! मुद्दाम केलास! चालती हो! आत्ताच्या आत्ता चालती हो इथून!"

सात सोळा. सहा मिनिटं. आणि एवढ्या आरडाओरड्याने रिले हलला नाही.

तिने धीर कमी केला नव्हता. बटण रोजच्या जागीच होतं. लांबला होता तो अप्पांचा दम. दोन शब्दांमधली ती पोकळी काल एवढी नव्हती. तिला ते तेव्हाच कळायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात दुसरंच ठणकत होतं. न केलेलं माझ्या माथी मारता काय? मग करतेच.

६

शुक्रवारी तिने सेट लावला, अप्पांच्या तोंडासमोर माइक आणला, आणि त्यांच्या देखत नव्हे, त्यांच्या मानेमागून हात घालून धीराचं बटण पार तळाला फिरवलं. आता त्यांचं एकही वाक्य पुरं जाणार नव्हतं. मग ती धुण्याची बादली घेऊन गच्चीत गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती सात ते आठच्या वेळात त्या खोलीत नव्हती.

सात वीसच्या सुमारास खालून हाक आली. "भार्गवी! रिले अडकलाय! भार्गवी!"

तिने चादर झटकली.

"अगं ए! सेट सुटत नाहीये! कुणाचं काही ऐकू येत नाहीये!"

तिने चादरीचे कोपरे जुळवले, दोरीवर टाकले, चिमटे लावले. सावकाश लावले. तीन मिनिटं तरी अप्पा ओरडत होते. ओरडतायत तोवर श्वास चालू आहे, डॉक्टरांचं काम झालं, असा कडवट विचार तिच्या मनात येऊन गेला. मग हाका थांबल्या आणि ती खाली आली.

रिले सुटलेला होता. अप्पा तिच्याकडे बघतही नव्हते. स्पीकरमध्ये कुणीच बोलत नव्हतं, आणि ते तिला विचित्र वाटलं. आठ वाजेपर्यंत तिथे क्षणभर शांतता नसते.

दारात स्कूटर करकचून थांबली. मुत्तण्णा आत आले ते पायांत एकच चप्पल घालून. एका गालावर साबणाचा फेस वाळला होता.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं. मग त्यांना खुर्चीतले अप्पा दिसले.

"काय कधी झालं?" अप्पा म्हणाले. "आणि अर्धी दाढी कसली ही? बायकोने वस्तरा काढून घेतला?"

मुत्तण्णा हसले नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले. मग भार्गवीचं मनगट धरून त्यांनी तिला ओसरीवर नेलं.

"पुट्टी, बाळ, खरं सांग. मघाशी तू बोललीस ना रेडिओवर?"

"मी गच्चीत होते, अंकल."

"तुझा आवाज मला कळत नाही? एवढीशी होतीस तेव्हापासून ऐकतोय. 'कुणी ऐकतंय का? लवकर या, अप्पा श्वास घेत...' एवढं ऐकलं आणि मी तसाच उठलो. पुढचं ऐकायला थांबलो नाही." त्यांनी तिचं मनगट सोडलं. "घेत काय, पुट्टी? आहेत, की..."

तिला बटण आठवलं. तळाला फिरवलेलं.

"धीर कमी होता," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "पुढचा शब्द तुटला असणार. मीच... मी रागाने केला होता कमी."

आणि मग तिला त्यांना सगळंच सांगावं लागलं. शिंक, शिट्ट्या, चालती हो. मुत्तण्णांनी गालावरचा वाळलेला फेस पुसला. लष्करात सिग्नलवर तीस वर्षं काढलेला माणूस. हसतील असं तिला वाटत होतं. हसले असते तर बरं झालं असतं.

७

रौफसाब रोजचं नेट टेप करायचे. कुणी काय कबूल केलं त्याचा पुरावा असू द्यावा, म्हणायचे. मुत्तण्णांनी सेटपाशी वाकून त्यांना टेप लावायला सांगितली आणि भार्गवीने स्पीकर बंद करून हेडफोन कानांवर चढवले.

"काय लपवताय?" अप्पा म्हणाले. "माझ्याच खोलीत? माझ्याच सेटवर?"

आधी फीत घासल्याची खसखस आली. मग ती स्वतः. तिने आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता. उघडा पडलेला, फाटलेला. त्याच्या मागे बारीक घंटा वाजत होती, शेजारच्या शाळेची. "कुणी ऐकतंय का? लवकर या, अप्पा श्वास घेत..."

ती टक् ची वाट पाहू लागली. टक् आला नाही.

खसखस चालूच राहिली. त्या वेळी अप्पा खुर्चीत हाका मारत होते, पण त्यांची एकही हाक टेपवर नव्हती. शाळेची घंटा थांबली. घड्याळाची टिकटिक येत होती. आणि त्याखाली काहीतरी संथ, ओढल्यासारखं, जात होतं आणि येत होतं.

"बेटा," टेप थांबवून रौफसाब म्हणाले. त्यांच्या आवाजातला दुकानदार कुठेतरी गेला होता. "शब्द तुटलेला नाही. रिले पुढे तीन मिनिटं लागलेलाच होता. मी कान लावून चार वेळा ऐकलं. श्वास ऐकू येतो. पण एकाचाच येतो."

भार्गवीने हेडफोन काढले, स्पीकर पुन्हा लावला आणि धीराच्या बटणाकडे पाहिलं. तळाला होतं. तळाला असताना रिले तीन मिनिटं लागून राहूच शकत नव्हता. म्हणजे टेपवरच्या त्या, पुढे येणाऱ्या वेळी कुणीतरी ते पुरं वर फिरवलेलं असणार. म्हणजे नाही फिरवलं, तर ती वेळच येणार नाही. तिला एकदम हलकं वाटलं. गणित सुटल्यासारखं.

"शाळेची घंटा कितीला होते?" मुत्तण्णांनी विचारलं.

"साडेआठला."

"मी डॉक्टरांना घेऊन येतो. त्यांचा फोन बंद आहे, लालबागेपलीकडे जावं लागेल, पण साडेआठच्या आत येतो."

"सेट बंद करू?"

"वेडी आहेस? मी नसताना काही झालं तर रौफ तरी ऐकेल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात ओला होता. "घाबरू नकोस. टेपला काय, काहीही ऐकू येतं."

८

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"धीर वाढव," अप्पा म्हणाले.

"नको."

"माझे शब्द तुटतायत. सकाळपासून माझं एक वाक्य धड गेलेलं नाही. आता सगळे ऐकतायत ना? मला सांगू दे त्यांना मी ठणठणीत आहे. वाढव."

"नाही वाढवणार."

"का?"

 तिने मान हलवली. अप्पांचा आवाज चढला. तिच्या आईपासून सुरुवात केली, मग तिच्या कॉलेजवर आले, मग मंगळूरवर, मग परीक्षेच्या त्या फॉर्मवर. ती मुद्दाम उलट बोलत राहिली. ओरडतायत, ओरडू दे. ओरडायला हवा लागते. दोन वर्षांत गिळलेलं सगळं तिने बाहेर काढलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "तुमच्या एका तासासाठी मी मुकी झाले अप्पा! माझ्या शिंकेचीसुद्धा तुम्हाला अडचण!"

"मग... जा ना! कुणी... धरलंय?"

आठ वीस. अप्पांच्या ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या. शब्दांमधल्या पोकळ्यांत छाती नुसती उडत होती, आत काही जात नव्हतं. तिला कळलं की ओरडणं त्यांना जगवत नाहीये, संपवतंय. आणि थांबायला ते तयार नव्हते. "वाढव... धीर... वाढव..." एवढंच चाललं होतं, हट्टी मुलासारखं. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला त्यांना हात नव्हते.

तिने मुत्तण्णांच्या स्कूटरसाठी कान दिला. रस्ता रिकामा होता.

"वाढवते," ती म्हणाली. "वाढवते, पण आधी शांत व्हा." आणि तिने बटण वरपर्यंत फिरवलं. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी फिरवलं.

अप्पा शांत झाले. खरंच झाले. श्वास खाली आला, खोल गेला. तिने त्यांचे डोळे पुसले, ओठ पुसले.

"भार्गवी," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. ओरडून नव्हे. तिच्याशी बोलताना हा आवाज त्यांनी शेवटचा कधी वापरला होता, तिला आठवेना. "ते मंगळूरचं. मी तुला पाठवणार..."

आणि दम घ्यायला थांबले.

ती थांबली. धीर पुरा वर होता, सेटचा आणि तिचाही. पोकळी लांबली. कालच्या एवढी झाली, कालच्याहून मोठी झाली. अप्पांची नजर तिच्यावर होती, पण ती तिच्यावर आहे की तिच्या मागच्या भिंतीवर, ते कळत नव्हतं.

शेजारी शाळेची घंटा सुरू झाली.

ती वळली आणि माइकवर तुटून पडली. ठरवलं नव्हतं. मी बोलणारच नाही, असं सकाळपासून शंभर वेळा ठरवलं होतं. "कुणी ऐकतंय का? लवकर या, अप्पा श्वास घेत..."

रिले हलला नाही. सुई शून्यावर पडून होती. जायचं होतं ते सकाळीच गेलं होतं, ती दोरीवर चादर घालत होती तेव्हा.

पुढचा शब्द जिभेवर आला. दोन शब्द आले, 'आहेत' आणि 'नाहीत', दोन्ही टोकांशी उभे राहिले. तिने तोंड मिटलं. ओठांवर तळवा दाबला आणि दुसऱ्या हाताने नाक चिमटीत घट्ट धरलं. टेपवर एकाचाच श्वास होता. ठीक आहे. एकाचाच असू दे. माझा नको, अप्पांचा.

घंटा थांबली. घड्याळ टिकटिकत होतं.

आणि त्याखाली काहीतरी संथ, ओढल्यासारखं, जात होतं आणि येत होतं. तिच्या पाठीमागून, खुर्चीतून. की समोरून, सेटच्या जाळीतून? वळून पाहायचं तर स्टूल करकरलं असतं, आणि तेवढ्या आवाजात तो हरवला असता. तिच्या छातीत आग पडली, डोळ्यांपुढे काजवे फिरू लागले, कानांत रक्त धडधडू लागलं. तरी तिने चिमूट सोडली नाही. बोला ना अप्पा, ती मनातल्या मनात किंचाळत होती, एवढा वेळ बोलत होतात ना, आता बोला, पाठवणार, पाठवणार पुढे काय?